आठवी फुलदाणी

१

दर गुरुवारी सकाळी मुक्ताला शाळेत सोडलं की मी फुलं कापायला जायचे. आयर्लंडमधल्या ॲथलोन गावापासून दहा मैलांवर किलतूमा हाऊस नावाचं एक जुनं घर होतं. मालक लंडनला असत, आणि शनिवार-रविवारी लोक तिकीट काढून घर आणि बाग बघायला येत. त्यांच्यासाठी खोल्याखोल्यांतून ताजी फुलं लागत. ती सजवायचं काम मी फुकट करायचे, कारण माझ्या व्हिसावर नोकरी चालत नव्हती आणि घरी बसून वेड लागायची वेळ आली होती. ही याच वर्षीची, २००५ सालची गोष्ट.

पुण्यात मी ज्युनिअर कॉलेजात बॉटनी शिकवायचे. जयेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, इथल्या टेलिकॉम कंपनीत काम मिळालं म्हणून सगळं सोडून आलो. तेव्हा मुक्ता तीन वर्षांची होती, आता सहाची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते इंग्रजीत, तेही अस्सल आयरिश हेल काढून.

बागेचं वेड मात्र फार जुनं. माझे बाबा विमा कंपनीत होते. त्यांच्या ऑफिसात एका वर्षी इंग्लिश बागांचं कॅलेंडर आलं होतं, आणि वर्ष संपल्यावर त्या बारा पानांची मी वह्यांना कव्हरं घातली. विटांची उंच भिंत, नीट कातरलेली कुंपणं, आणि त्यांच्या आत मनाला येईल तशी माजलेली फुलं. किलतूमाची बाग दोनशे वर्षांपूर्वी अशाच एका इंग्लिश घराण्याने आखलेली होती. तिच्या भिंतीतल्या लाकडी दारातून पहिल्यांदा आत गेले तेव्हा मी चक्क रडले होते. त्या बागेसाठी मी किती खुळी झाले होते, हे आधीच सांगितलेलं बरं.

काम ठरलेलं असायचं. ऊन चढायच्या आत फुलं कापायची आणि लगेच बादलीत पाण्यात ठेवायची. मग मागच्या थंड खोलीत, म्हणजे फुलांच्या खोलीत, दगडी सिंकपाशी उभं राहून देठं तिरकी छाटायची, पाण्यात बुडतील ती पानं काढून टाकायची. सात खोल्या, सात फुलदाण्या. आठवी फुलदाणी पहिल्या मजल्यावरच्या एका लहान खोलीत होती. ती खोली लोकांना दाखवत नसत. तरी तिथली फुलं एकही आठवडा चुकवायची नाहीत, असं मिसेस नॉटननी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मिसेस नॉटन म्हणजे घराची सगळी व्यवस्था बघणाऱ्या बाई, सत्तरीच्या, कमी बोलणाऱ्या.

२

त्या आठव्या खोलीत फारसं काही नव्हतं. बागेकडची एक खिडकी, खिडकीपाशी गोल टेबल, टेबलावर काचेची फुलदाणी. समोरच्या अंधाऱ्या कोपऱ्यात हिरव्या मखमलीची एक खुर्ची.

एप्रिलमध्ये मी तिथे ट्यूलिप ठेवले. ट्यूलिपची गंमत अशी की ते कापल्यावरही वाढतात, आणि वाढताना उजेडाकडे वळतात. आठवड्याने बघितलं तर खालच्या सातही खोल्यांतले ट्यूलिप खिडक्यांकडे माना काढून बसलेले. आठव्या खोलीतल्यांनी मात्र खिडकीकडे पाठ केली होती. बाराच्या बारा फुलं कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वाकली होती.

अकरावीच्या पोरांना मी दहा वर्षं हाच धडा शिकवला होता. सावलीकडची बाजू जास्त वाढते, म्हणून देठ उजेडाकडे झुकतो. त्यात चूक होत नाही. म्हणून मी म्हटलं, कोणीतरी धूळ पुसताना फुलदाणी फिरवली असणार. नवी फुलं ठेवली आणि फुलदाणीच्या तळाशी, टेबलाला जुळेल अशी, पेन्सिलची बारीक खूण केली.

पुढच्या गुरुवारी खूण जुळलेली होती. फुलं खुर्चीकडे होती.

मग मी हट्टालाच पेटले. टेबल सरकवलं, फुलं आडवी वळली आणि खुर्चीकडेच गेली. मग खुर्चीच दाराजवळच्या कोपऱ्यात नेली. रिकाम्या खुर्चीच्या मानाने ती भलतीच जड होती, पण जुनं ओकचं लाकूड जड असतंच. आठवड्याने फुलं दाराकडे वळलेली. चिमणीतून गरम हवा येत असेल, दाराच्या फटीतून झोत येत असेल, असं मी मनाला समजावलं. पण पोरांनी हे कारण उत्तरपत्रिकेत लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं.

खुर्ची मी पुन्हा तिच्या जागी ढकलली. त्या दिवसापासून त्या खोलीत मी दार उघडं ठेवूनच काम करू लागले.

३

आठव्या खोलीतली जुनी फुलं मिसेस नॉटन स्वतः काढत. बाकी सात खोल्यांतली सुकलेली फुलं मी खताच्या ढिगावर टाकायचे. ही मात्र त्या एप्रनमध्ये गुंडाळून खाली आणत आणि फुलांच्या खोलीतल्या लोखंडी स्टोव्हमध्ये घालत. देठ, पानं, पाकळ्या, सगळं. राख होईपर्यंत तिथून हलत नसत.

मला ते बघवायचं नाही. फूल जाळणं आमच्याकडे कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. देवावरून उतरलेलं फूलसुद्धा निर्माल्य म्हणून वेगळं ठेवतात आणि वाहत्या पाण्यात सोडतात. मी एकदा न राहवून विचारलं, "खतात का नाही टाकत तुम्ही?"

"ही वापरलेली आहेत," त्या म्हणाल्या.

"कुणी वापरलेली?"

त्यांनी स्टोव्हचं दार लावलं. "माझ्या आधीची बाई जाळायची, म्हणून मी जाळते. मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस, म्हणजे सगळं ग्रँड राहील." इथे 'ठीक' म्हणायला सगळे 'ग्रँड' म्हणतात.

जूनच्या शेवटी त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला त्या खोलीची किल्ली दिली आणि माझं मनगट घट्ट धरलं. "नवी ठेवायची, जुनी जाळायची. घरी काही न्यायचं नाही. एवढं लक्षात ठेव."

मी हो म्हटलं. म्हाताऱ्या माणसाला आपण म्हणतो तसं.

४

जुलैच्या पहिल्या गुरुवारी शाळेला सुट्टी लागली होती, म्हणून मुक्ता माझ्याबरोबर होती. रबरी बूट घालून ती बागेत मनसोक्त हुंदडली, आणि शेवटी माझ्यामागून आठव्या खोलीत आली.

आदल्या आठवड्यात मी तिथे मॉक ऑरेंजच्या फांद्या ठेवल्या होत्या. पांढरी फुलं, आणि वास असा की डोळे मिटले तर मोगराच. हे झुडूप कापलं की फुलं चार-पाच दिवसांत झडतात. त्याप्रमाणे सगळ्या फांद्या तपकिरी पडल्या होत्या. एक सोडून. ती अशी टवटवीत होती की जणू आत्ताच तोडली.

एखाद्या फांदीला पाणी जास्त मिळतं, म्हणून ती टिकते. असं होतं. मी फांदी नाकापाशी नेली आणि मला एकदम आईची आठवण झाली. सकाळी पूजा झाली की देवावरचं एक फूल ती माझ्या वेणीत खोचायची. तीन वर्षांत मी तिला भेटले नव्हते. आठवण इतकी जोरात आली की मी विचारच केला नाही. फांदीचा शेंडा खुडला आणि मुक्ताच्या केसांतल्या क्लिपमध्ये खोचला. सवयीने म्हणाले, "प्रसादाचं फूल आहे. नमस्कार कर."

घरी मी असं म्हटलं की ती देव्हाऱ्याकडे वळते. इथे देव्हारा नव्हता. मला वाटलं, ती माझ्याकडे बघून हसेल. पण ती जराही न गोंधळता मागे फिरली, कोपऱ्यातल्या खुर्चीसमोर उभी राहिली आणि हात जोडून, डोळे मिटून तिने नमस्कार केला.

"तिकडे का गं केलास?" मी विचारलं.

"बिकॉज इट्स देअर्स," ती म्हणाली.

त्यांचं म्हणजे कुणाचं, ते मी विचारलं नाही. तरी उरलेल्या फांद्या मी जाळल्या नाहीत. वर्तमानपत्रात गुंडाळून गाडीत ठेवल्या आणि परत येताना शॅनन नदीच्या पाण्यात सोडल्या. ते निर्माल्य होतं, आणि निर्माल्याचं काय करायचं हे मला शिकवायची कुणाची गरज नव्हती.

५

ते फूल मुक्ताने काढू दिलं नाही. आंघोळीच्या वेळी ती ते ग्लासात ठेवायची, नंतर पुन्हा केसांत. आठवडा झाला, दहा दिवस झाले, एक पाकळी गळली नाही.

मुक्ता घराबाहेर खेळेनाशी झाली. पावसाळलेल्या या देशात ऊन पडलं की सगळी पोरं रस्त्यावर धावतात. ही मात्र जेवणाच्या टेबलाशी आपल्या खुर्चीत खिडकीकडे पाठ करून बसायची. हात गुडघ्यांवर, पाठ ताठ.

"काय करतेयस, सोनू?"

"आय ॲम ग्रँड, आई. आय ॲम बीइंग गुड."

ओट्यामागच्या खिडकीत माझी जिरेनियमची कुंडी होती. एका सकाळी ती खोलीच्या आत झुकलेली दिसली. मी कुंडी फिरवली, ती पुन्हा आत झुकली. देव्हाऱ्यातल्या जास्वंदीने देवाकडे पाठ केली. शाळेतून दह्याच्या डब्यात आणलेलं सूर्यफुलाचं रोप मुक्ताच्या पलंगाकडे वळलं.

जयेशला सांगितलं तर तो हसला. "सूर्य आहेच कुठे इथे, विभा? बिचारी झाडं तरी कुठे बघणार?" तो वाईट माणूस नाही. त्याला कामाचं ओझं होतं, आणि मला घरी बसून करमत नाही हे त्याला ठाऊक होतं.

त्याच दिवशी जेवताना तो म्हणाला, "अगं, ही उंच झाली की! उशी लागत नाही आता हिला."

मुक्ताला टेबलाशी बसायला खाली उशी लागायची. मी बघितलं. उशी बाजूला प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, ठेवलेली होती, आणि मुक्ताचे कोपर आरामात टेबलावर टेकले होते. सुट्टीत पोरं वाढतात. मी तिला हाताला धरून उठवलं आणि दाराच्या चौकटीवर जिथे तिची उंची मोजायचो तिथे उभं केलं. इस्टरला केलेल्या रेघेच्या वर ती केसभरही गेली नव्हती.

६

दुसऱ्या दिवशी मी मिसेस नॉटनच्या घरी गेले. त्या स्वयंपाकघरात काठी धरून बसल्या होत्या. खुशाली विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "जाळलीस ना?"

मी खाली बघितलं.

"काही घरी नेलंस?"

"एक फूल. मुलीच्या केसांत घातलं. मला वाटलं..." मला काय वाटलं ते त्यांना कसं सांगणार? की देवाचं उतरलेलं फूल आमच्याकडे लेकराच्या डोक्यावर ठेवतात, त्याचं भलं व्हावं म्हणून?

किटली उकळून आपोआप बंद झाली, तरी त्या उठल्या नाहीत. मग हळूच विचारलं, "त्या खोलीतली फुलं आता कुणाकडे बघतात?"

मधल्या गुरुवारी मी तिथे गेले होते. डेल्फिनियमचे निळे तुरे ठेवले होते, आणि मला बरं वाटलं होतं, कारण आदल्या खेपेची फुलं शहाण्यासारखी खिडकीकडे वळली होती. तसं मी सांगितलं.

मिसेस नॉटननी छातीवर क्रॉसची खूण केली. "मग ती खुर्ची रिकामी आहे," त्या म्हणाल्या.

७

त्याच सकाळी मी मुक्ताला घेऊन किलतूमाला गेले. बाहेर लख्ख ऊन होतं, बागेत मधमाश्यांचा आवाज भरला होता. फुलांच्या खोलीत मी स्टोव्ह पेटवला. मुक्ताला दाराशी उभं केलं, तिच्या केसांतलं फूल काढलं आणि विस्तवाजवळ नेलं.

"आऽ! आई, इट्स हॉट!"

ती माझ्यापासून चार पावलांवर होती. मी धावले. तिच्या उजव्या हाताच्या बोटांची टोकं लाल झाली होती. मी तिचा हात सिंकमध्ये थंड पाण्याखाली धरला आणि स्वतःला म्हटलं, दार स्टोव्हपासून जवळ आहे, तिने कशाला तरी हात लावला असणार. तो विचार मला पुरला नाही. फूल माझ्या दुसऱ्या हातात होतं, साधं शेकलंसुद्धा नव्हतं.

तेवढ्यात ती हात सोडवून जिन्याने वर पळाली. मी मागोमाग पोचले तेव्हा आठव्या खोलीचं दार किल्ली न लावताच उघडं होतं. मुक्ता हिरव्या खुर्चीत बसली होती, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. टेबलावरचे डेल्फिनियम तिच्याकडे वळत होते. मी वळलेली फुलं खूप पाहिली होती, पण वळताना पाहिली नव्हती. त्यांचा आवाज होतो. ओली दोरी पिळल्यासारखा, अगदी बारीक.

वळता वळता पाकळ्या सुटल्या. खिडकीतून वारा आत आला आणि त्या खुर्चीकडे उडाल्या. काही मुक्ताच्या फ्रॉकवर पडल्या. बाकीच्या तिच्या डाव्या-उजव्या बाजूंना पडल्या, पण गादीवर नाही. गादीपासून वीतभर वर त्या थांबल्या. हवेतच, दोन निळ्या पट्ट्यांमध्ये, एकमेकींना धरून. पट्ट्या गुडघ्यांपाशी खाली वळल्या होत्या.

तेव्हा मला दिसलं की माझी मुलगी खुर्चीत बसलेली नाही. ती मांडीवर बसली होती.

मी किंचाळले नाही. किंचाळले तर ती मांडी उठेल, एवढंच डोक्यात होतं. मी तिच्यासमोर गुडघे टेकले, फूल तिच्यापुढे धरलं आणि जमेल तितक्या साध्या आवाजात म्हणाले, "मुक्ता, हे फूल मला देतेस? तुझ्या हाताने माझ्या केसांत घालशील?"

तिने मान कलती केली. कुणाला तरी विचारतात तशी. मग फूल घेतलं आणि माझ्या अंबाड्यात खोचलं.

पाकळ्या जमिनीवर पडल्या. मुक्ता धप्पकन खाली गादीवर आदळली, तिने इकडेतिकडे बघितलं आणि भोकाड पसरलं. मी तिला उचलून छातीशी धरलं, तिच्या रडण्याने मला इतकं हलकं वाटलं की मीही रडू लागले. दार ओढून घेताना टेबलाकडे नजर गेली. डेल्फिनियम माझ्याकडे बघत होते.

८

आता नोव्हेंबर आहे. मिसेस नॉटन पुन्हा कामावर जातात. मी जात नाही. मुक्ता सायकल शिकली, गुडघे फोडून घेते, आणि जेवताना तिला पुन्हा उशी लागते. ती उशी रोज मी स्वतः मांडते आणि मुक्ता तिच्यावर नीट टेकली की नाही ते बघते.

घरात फुलं येऊ देत नाही. देवाला अक्षता वाहते. जयेश म्हणतो, बागेचं भूत उतरलं वाटतं तुझं. माझ्या अंबाड्यातलं फूल तो बघतो, पण कधी काही विचारत नाही. मी बसते तेव्हा थंडीच्या दिवसांतही मला खुर्ची गार लागत नाही. सवय होते. कशाचीही होते.

ते फूल मी अजून जाळलेलं नाही. मुक्ताची बोटं आठवतात आणि हात पुढे होत नाही. म्हणून मी जयेशच्या नावाने एक चिठ्ठी लिहून प्रेसमध्ये कागदपत्रांच्या फाइलीत ठेवली आहे. माझं काही झालं तर हे फूल माझ्या केसांतच राहू दे. कुणालाही देऊ नकोस, मुक्ताला तर नाहीच. माझ्याबरोबर जाळ.

आज दुपारी चिठ्ठी फाइलीत सरकवत होते तेव्हा मुक्ता बाहेरून आली. तिच्या हातात शाळेच्या मैदानावरची कुठलीतरी उशिराची डेझीची फुलं होती, माझ्यासाठी आणलेली. दारातून ती चार पावलं आत आली आणि सगळ्या डेझींनी माझ्याकडे माना वळवल्या. तिने ते पाहिलं. घाबरली नाही. फुलं टेबलावर ठेवली, माझ्या अंबाड्याकडे बघितलं आणि स्वच्छ मराठीत विचारलं, "आई, तुझं झालं की ते मला देशील ना?"

माझा हात आपोआप केसांवर गेला. "नाही," मी म्हणाले. "कधीच नाही. कळलं?"

"ग्रँड," मुक्ता म्हणाली. मग तिने आपली खुर्ची ओढली, उशी ठेवली, खिडकीकडे पाठ करून बसली आणि हात गुडघ्यांवर ठेवून वाट बघू लागली.